सही मागतायत ना, मग आधी कागद मागा

निपाणीहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापत नाही, मजकूर थोडक्यात सांगते. वडिलांनी १९९६ मध्ये बेळगावात जमिनी घेऊन लेआउट पाडायचा, म्हणजे प्लॉट करून विकायचा धंदा चालू केला, पुढं त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, सगळे शेअर घरातच. वडिलांचे ४० टक्के, दोन्ही भावांचे २०-२०, आईचे १० आणि ताईंचे १०. वडील मागच्या वर्षी गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. आता थोरल्या दादाने माणसाकरवी कागदांचा एक गठ्ठा पाठवलाय, काही इंग्रजीत काही कन्नडमध्ये, आणि फोनवर सांगितलंय की ३५ लाख देतो, गणपतीच्या आधी सह्या करून टाक. वहिनी म्हणाली, लग्नात घेतलंस की सगळं, आता कंपनी कशाला हवी. मिस्टर म्हणतात सरळ कोर्टात जाऊ. ताई लिहितात, "कंपनीची हायवेच्या बाजूला ११ एकर जमीन आहे असं ऐकलंय, मग माझ्या वाट्याला किती येते? पाच-सहा वर्षांपूर्वी बँकेसाठी म्हणून पण माझ्या सह्या घेतल्या होत्या, त्या कशावर होत्या माहीत नाही. सही केली तर जीव खातो आणि नाही केली तर माहेर तुटतं, काय करू?"

ताई, सही करू नका. कधीच करू नका असं म्हणत नाही, पण आत्ता या गठ्ठ्यावर नको. मी वकील नाही, पण बेळगावात एका सीएंच्या ऑफिसात २६ वर्षं कंपन्यांचीच कागदपत्रं भरली आहेत, त्यातल्या निम्म्या कंपन्या अशाच घरच्या, बाप चेअरमन, पोरं डायरेक्टर आणि लेकी-सुना नावाला शेअर होल्डर. त्यामुळं तुमचं पत्र वाचताना मला तो गठ्ठा डोळ्यासमोर दिसतोय बघा, पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या असणार, इथं सही इथं सही म्हणून, आणि वर काय लिहिलंय ते वाचायला कोण सांगितलेलं नसणार.

माझ्या आत्याचं सांगते. वडगावात राहायची, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, कन्नड बोलायला यायचं पण वाचायला नाही. तिला कचेरीच्या दारात गाडीतच कागद दिला, उताऱ्यावर वारसा लावायचाय म्हणून सांगितलं, तिनं सही केली आणि आत जाऊन अंगठा पण दिला. तो हक्कसोड होता, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद. चार वर्षांनी उतारा काढला तेव्हा तिचं नाव नव्हतं. ती शेवटपर्यंत म्हणायची, मागितलं असतं तरी दिलं असतं की मी, फसवलं कशाला. म्हणून तुमच्या गठ्ठ्यात कन्नड कागद आहेत हे वाचून मला चैन पडेना. कन्नडमध्ये आहेत यात काही वाईट नाही, कचेरीची भाषा आहे ती, पण ज्या कागदावर तुमची सही जाणार तो तुमच्या भाषेत तुम्हाला कळला पाहिजे, आणि भाषांतर दादाच्या माणसाकडून नको, निपाणीत तुमच्या ओळखीचा कुणी बाँड रायटर किंवा वकील असेल त्याच्याकडून ओळ न ओळ वाचून घ्या.

आता तुमचा ११ एकरांचा प्रश्न. इथं तुम्हाला आवडणार नाही असं एक सांगावं लागतंय. कंपनीच्या नावावर जी जमीन आहे त्यात तुमचा गुंठाभर पण वाटा नाही. कंपनी म्हणजे कायद्यानं वेगळी व्यक्ती, जमीन तिची, तुमचे फक्त शेअर. सुप्रीम कोर्टानं हे १९५० च्या दशकातच एका चहा कंपनीच्या केसमध्ये स्पष्ट करून ठेवलंय. त्यामुळं लेकींना हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क आला (आपल्या कर्नाटकात तर लग्न न झालेल्या लेकींना तो १९९४ पासूनच होता) ते सगळं खरं असलं तरी त्या जोरावर कंपनीच्या ११ एकरात पावणेतीन एकर माझी असं म्हणून वाटणीचा दावा घातलात तर वर्षं जातील आणि हाती काही लागणार नाही. पण हीच गोष्ट उलट्या बाजूनं पण बघा. ती जमीन दादाची पण नाही. तो डायरेक्टर आहे, रोज साईटवर जातो, सगळे त्याला मालक म्हणतात, तरी त्याच्याकडं पण शेअरच आहेत, तुमच्यासारखेच, फक्त जास्त.

किती जास्त ते मोजू. वडिलांचे ४० टक्के मृत्युपत्र नसताना आई, दोन भाऊ आणि तुम्ही, चौघांत सारखे जातात, वडिलांची आई हयात नाही असं धरलंय. म्हणजे १०-१०. तुमचे झाले २०, आईचे २०, भावांचे ३०-३०. नॉमिनी म्हणून वडिलांनी दादाचं नाव घातलं असेल आणि तो म्हणत असेल की सगळे ४० माझेच, तर ते पण चालत नाही, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतच सांगितलंय. हा हिशोब एकदा नीट डोक्यात बसू दे, कारण दादाचा ३५ लाखाचा निरोप तुमच्या जुन्या १० टक्क्यांचा आहे का या २० चा, हे तुमच्या पत्रात पण नाही आणि मला वाटतं त्यानं पण मुद्दाम किंवा नकळत बोलायचं टाळलंय.

पण त्याच्याही आधी एक काम. तुमचे ते १० टक्के अजून तुमच्याच नावावर आहेत का हे बघा. बँकेच्या नावाखाली घेतलेल्या सह्यांचं वाचून मला पहिली भीती हीच वाटली. त्यातला एखादा कागद एसएच-४ असेल, म्हणजे शेअर ट्रान्सफरचा फॉर्म, तर तुम्ही कधीच बाहेर गेलेल्या असाल आणि आताचे कागद नुसते वडिलांच्या वाट्यासाठी असतील. हे कळायला कुणाला विचारायला पण लागत नाही. केंद्र सरकारच्या कंपनी खात्याच्या वेबसाईटवर कुठल्याही कंपनीचे भरलेले कागद १०० रुपये भरून बघता येतात. एमजीटी-७ म्हणजे वार्षिक रिटर्न उघडा, त्यात शेअर होल्डरांची यादी असते. एओसी-४ मध्ये बॅलन्स शीट असतं. आणि तिथंच चार्जेस म्हणून एक यादी दिसते, बँकेचं कर्ज कुठल्या तारखेला किती घेतलं, काय गहाण आहे ते सगळं. तुमच्या मुलाला सांगितलं तर अर्ध्या तासात काढून देईल.

त्या सह्या खरंच बँकेसाठी असतील तर दुसरी गोष्ट तपासा, तुम्ही जामीन राहिलाय का. पर्सनल गॅरंटी. लोकांना वाटतं शेअर विकले की संबंध संपला, तसं नसतं, शेअर गेले तरी जामीनकी राहते आणि कर्ज थकलं तर बँक जामीनदाराला मूळ कर्जदाराइतकंच धरते. असं झालेलं मी बघितलंय, बाईनं पंधरा वर्षांपूर्वी शेअर सोडले आणि नोटीस मात्र तिच्या दारात आली. त्यामुळं पुढं कधी का होईना शेअर द्यायचं ठरलं तर पैशाच्या बरोबरीनं बँकेचं पत्र मागायचं, या बाईंना गॅरंटीतून मोकळं केलं म्हणून. ते पत्र नसेल तर ३५ लाख काय आणि ७० लाख काय, मी तरी सही करणार नाही.

मग त्या गठ्ठ्यात काय काय असणार? अंदाजानं सांगते, एक एसएच-४ असणार. एक हक्कसोड असणार, तो बहुतेक कन्नडमधला. आणि काही ठराव किंवा संमतीपत्रं. हे तीन वेगळे विषय आहेत आणि ३५ लाखात तिन्ही उरकायचा बेत दिसतोय. हक्कसोड कशाचा ते खास बघा, कारण कंपनीच्या जमिनीला हक्कसोड लागतच नाही. तो गठ्ठ्यात निघालाच तर याचा अर्थ वडिलांच्या स्वतःच्या नावावर पण काही जमीन असणार. आपल्याकडं ते नेहमीचं आहे, कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीपर्यंत कंपनीला शेतजमीन आपल्या नावावर सरळ घेता येत नव्हती, म्हणून मालक लोक स्वतःच्या नाहीतर बायकोच्या नावावर जमीन घ्यायचे, एनए म्हणजे बिगरशेती करायचे आणि मग लेआउट. राहिलेली जमीन तशीच वडिलांच्या नावावर पडून असते. तिथं मात्र तुमचा चौथा वाटा सरळ जमिनीतच आहे. सर्व्हे नंबर माहीत असेल तर कर्नाटक सरकारच्या भूमी साईटवर उतारा बघा, सब रजिस्ट्रारकडून ईसी, म्हणजे त्या जमिनीच्या नोंदलेल्या व्यवहारांची यादी, काढा. आणि नाडकचेरीत वंशवृक्ष, म्हणजे घरातल्या वारसांचा सरकारी कागद, काढलाय का, त्यात तुमचं नाव आहे का ते बघा. लेकींची नावं वंशवृक्षात विसरतात बघा आपल्याकडं. त्याची पण एक प्रत हातात असू दे.

आता दादाची बाजू. ती मला सांगावीशी वाटते, कारण तुमचे मिस्टर रागात आहेत आणि तुम्ही घाबरलेल्या, दोन्हीत माणूस नीट दिसत नाही. जमिनीच्या धंद्यात कागदावर कोट्यवधी असतात आणि बँकेत पगाराचे पण पैसे नसतात. एनएसाठी डीसी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचं ऑफिस, प्लॅनसाठी बुडा म्हणजे बेळगावचं नगरविकास प्राधिकरण, मग रेरा म्हणजे प्लॉट-फ्लॅटच्या प्रोजेक्टवर देखरेख करणारं प्राधिकरण, एकेक फाईल किती दिवस अडकते हे बेळगावात सगळ्यांना माहीत आहे. प्लॉट बुक केलेल्या लोकांचे जे पैसे येतात त्यातले ७० टक्के रेराच्या नियमानं वेगळ्या खात्यात ठेवायला लागतात, ते त्या प्रोजेक्टलाच वापरायचे, बहिणीला द्यायला काढता येत नाहीत. म्हणजे दादाकडं खरंच ३५ च लाख असतील असं पण असू शकतं. आणि त्यानं इतकी वर्षं उन्हात उभं राहून धंदा वाढवला असेल तर त्याच्या कष्टाला पण किंमत आहे, ती तुम्ही मान्य करा, तोंडानं बोलून दाखवा, त्यानं पुष्कळ फरक पडतो. पण कष्टाची किंमत पगारातून येते, आणि तो पगार तो घेत असणारच, गाडी आणि डिझेल पण कंपनीचंच असेल. तुम्हाला इतक्या वर्षांत एकदा तरी डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, मिळालाय का? पत्रात नाही, म्हणजे नसणारच.

३५ लाख बरोबर का कमी हे मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही, दादाला पण नाही, जोवर शेअरची किंमत काढत नाहीत तोवर. ताळेबंद बघून फसू नका हं. २००१ मध्ये ४ लाखाला घेतलेली जमीन ताळेबंदात आजही ४ लाखच दिसते, म्हणून सीए बुक व्हॅल्यू काढून देतो आणि आकडा चिमूटभर येतो. रजिस्टर्ड व्हॅल्युअर असतो, तो जमिनीचे आजचे दर धरून, कर्ज वजा करून किंमत काढतो, तसा एक दोघांच्या संमतीनं नेमा, फी कंपनीनं द्यावी.

आणि ही टॅक्सची गोष्ट तर तुम्ही दादाला आवर्जून सांगा, कारण यात तोटा तुमचा आहे आणि बहुतेक त्याला पण ठाऊक नसेल. घरच्या कंपनीचे शेअर कमी भावात विकले तर इन्कम टॅक्सवाले तुम्हाला मिळालेली रक्कम धरत नाहीत, नियमानं निघणारी किंमत धरतात आणि त्यात जमीन सरकारी दरानं, म्हणजे गाईडन्स व्हॅल्यूनं मोजतात. समजा तुमच्या शेअरची तशी किंमत २ कोटी निघाली आणि तुम्ही ३५ लाखाला दिले, तर १२.५ टक्क्यांनी जवळजवळ २५ लाख टॅक्स तुमच्या डोक्यावर, सरचार्ज आणि सेस आणखी वेगळा. हाती १० लाख पण राहणार नाहीत. आकडे मी समजायला घेतलेत, खरे आकडे तुमच्या स्वतःच्या सीएकडून काढा, कंपनीच्या सीएकडून नको, तो बिचारा चांगला असला तरी त्याचं बिल दादा देतो.

कोर्टाचं म्हणाल तर ते दार बंद नाही, पण पहिलं पाऊल तिकडं टाकू नका. कंपनीच्या भांडणाला बेळगावचं कोर्ट नाही, धारवाडचं खंडपीठ पण नाही, एनसीएलटी म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाच्या बेंगळूर बेंचला जायला लागतं, रात्रभराचा प्रवास आणि दर तारखेला वकील. दाद मागायचा हक्क तुम्हाला आहे, १० टक्के शेअर पुरतात, आणि चार-पाच मेंबरांच्या कंपनीत तर एक मेंबर म्हणजे दहावा हिस्सा झालाच. पण मोठमोठी घराणी काय करतात बघा. किर्लोस्करांचं तर आपल्या बेळगावातूनच सुरू झालं, १८८८ मध्ये लक्ष्मणरावांनी सायकलचं दुकान घातलं ते इथंच. त्यांच्या पणतवंडांनी २००९ मध्ये कौटुंबिक करार केला, पुढं त्याच करारावरून वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि २०२१ मध्ये कोर्टानंच सुचवलं की मध्यस्थाकरवी मिटवा. गोदरेजांनी १८९७ पासूनचा धंदा एप्रिल २०२४ मध्ये बसून वाटून घेतला, विक्रोळीची एवढी मोठी जमीन असलेली गोदरेज अँड बॉइस एका शाखेकडं, गोदरेज प्रॉपर्टीज दुसरीकडं, नाव दोघांचं. तिकडं हजारो कोटींचा मामला बोलून सुटतो, मग तुमचा एका घरातल्या चौघांचा का नाही सुटणार? पण त्यांच्यात बोलायला बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागद होते. तुमच्या हातात काहीच नाही, म्हणून तुम्हाला बोलायची भीती वाटते, आणि मग एकतर रडून सही होते नाहीतर मिस्टरांचं ऐकून नोटीस जाते.

म्हणून दादाला साधा ईमेल लिहा, व्हॉट्सअपवर पण पाठवा पण ईमेल हवाच, पुढं पुरावा राहतो. असं काहीतरी: "दादा, कागद मिळाले. बाबांनी उभं केलेलं तू सांभाळलंस याची मला जाण आहे. सही करायला माझी ना नाही, पण आधी मला समजून घ्यायचंय. मी मेंबर म्हणून मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब, मेंबर रजिस्टर, सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त आणि आर्टिकल्सची प्रत पाठव. बाबांच्या शेअरमधला माझा वाटा माझ्या नावावर करायला मृत्यूचा दाखला आणि वंशवृक्ष सोबत जोडते. मिळालं की आपण आईसमोर बसून बोलू." यात भांडण कुठं आहे? हे सगळं (आर्टिकल्स म्हणजे कंपनीची नियमावली) मागायचा मेंबरला, म्हणजे शेअर होल्डरला, कायद्यानं हक्क आहे, बोर्ड मीटिंगचं इतिवृत्त तेवढं मागू नका, ते मेंबरला बघता येत नाही. वडिलांचा वाटा नावावर करायचा अर्ज गेला की कंपनीनं एका महिन्यात शेअर सर्टिफिकेट द्यायचं असतं. नाही म्हणाले तर तसं कारणासकट लिहून द्यायला लागतं, आणि ते पत्र हातात पडल्यापासून ३० दिवसांत एनसीएलटीकडं अपील. ही मुदत सोडू नका.

मधल्या काळात रजिस्टर पोस्टानं कंपनीकडून काही आलं तर न उघडता ठेवू नका. भांडणाच्या घरात एक डाव हमखास खेळला जातो, नवे शेअर काढायचे. तुम्हाला पण ऑफर येते, पण ७ ते ३० दिवसांत पैसे भरायचे असतात, नाही भरले की तुमचे २० टक्के बघता बघता ५ होतात. कमी मुदतीला संमती म्हणून कागद येतो, त्यावर पण सही नको.

आता आईंचं. पत्रात तुम्ही आईंबद्दल फक्त दोन शब्द लिहिलेत, "आई गप्प." त्या गप्प बाईकडं २० टक्के आहेत ताई. आर्टिकल्स बदलायचे असोत का बाहेरच्याला शेअर द्यायचे असोत, त्याला तीन चतुर्थांश मतं लागतात, भावांची मिळून ६० होतात. तुमची एकटीची २० अडवायला पुरत नाहीत, तुमची आणि आईंची मिळून ४० पुरतात. भावांना हे माहीत असणार, आणि आज ना उद्या आईंच्या पुढ्यात पण असाच एक गठ्ठा येणार, कदाचित येऊन गेला पण असेल. म्हणून जा एकदा बेळगावला, कंपनीचा विषय काढायला नव्हे, दोन दिवस राहा, दुपारी भाऊ साईटवर असताना आईंजवळ बसा आणि विचारा, आई तुला काय पाहिजे. तिला आपल्या बाजूला ओढू नका, ती पोरांच्याच घरात राहते, तिला रोज त्यांच्या ताटातलं खायचंय. फक्त एवढं सांगा की तुझ्या सहीला किंमत आहे, वाचल्याशिवाय देऊ नकोस, मला द्यायची असेल तरी नको.

बोलणं झालं तर वाटा तीन दिसतात मला. शेअर ठेवायचे, पण मग माहिती कधी मिळणार, डिव्हिडंड कसा ठरणार, पुढं विकायचे झाले तर भाव कसा काढणार हे लिहून घ्यायचं, आणि नुसत्या स्टँप पेपरवर नाही तर कंपनीच्या आर्टिकल्समध्ये घालून घ्यायचं, कारण भावाभावांचा करार आर्टिकल्समध्ये नसेल तर तो कंपनीला बांधत नाही असा सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे, ती पण घरचीच कंपनी होती. दुसरी वाट, शेअर द्यायचे, रीतसर किमतीला आणि हप्त्यांनी, दादाला एकदम जमणार नसेल तर तीन-चार वर्षं द्या की, पण जेवढा हप्ता तेवढेच शेअर सोडायचे, सगळे आधी नाहीत. तिसरी, पैशाऐवजी प्लॉट, ऐकायला सोपं वाटतं पण कंपनीकडून असं घेताना टॅक्स आणि कायद्याच्या बऱ्याच भानगडी येतात, सीएशिवाय त्यात पडू नका. मला विचाराल तर तुमच्या स्वभावाला दुसरी वाट बरी. दरवर्षी भावाकडं हिशोब मागत बसणं तुम्हाला झेपणार नाही असं पत्रावरून वाटतं, आणि माहेरला जाताना पोटात गोळा यायचा तो पण जाईल. पण घरातली वडिलांच्या नावची जमीन असेल तर तो हिशोब वेगळा, वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी.

वहिनींच्या बोलण्याला उत्तर देऊ नका. लग्नातल्या सोन्यानं वारसा फिटत नाही, पण हे त्यांना पटवून काय मिळणार, त्यांच्या नावावर शेअर नाहीत. मिस्टरांना मात्र हे सगळं वाचायला द्या आणि सांगा की दोन महिने मला द्या, नोटीस मी थांबवलेली नाही, कागद येईपर्यंत पुढं ढकललीय.

रिटर्न काढलात की त्यात तुमचे शेअर किती दिसतात ते मला कळवा, तोवर काळजी लागून राहील. आणि तो गठ्ठा परत द्यायच्या आधी एकेका पानाचे फोटो काढून ठेवा, मागच्या बाजूचे पण.